उतारावर चालू, सपाटीवर बंद

"धक्का दिला की पहिल्या झटक्यात चालू होते हो. सेल्फवर मात्र काही केल्या होत नाही. आता जावयाला रोज सकाळी गाडी ढकलायला लावायची म्हणजे बरं दिसतं का?"

गुरुजींचा फोन आला तेव्हा मी एका टेम्पोच्या डॅशबोर्डखाली आडवा होतो. गाडी कुठली विचारलं, तर प्रीमियर पद्मिनी, म्हणजे आपली जुनी फियाट, १९९२ ची. साताऱ्याहून आणलेली. काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं होतं आणि महिनाभर दोघंही विश्रामबागला मुलीकडं मुक्कामाला होते. तीन जणांनी गाडी बघून झाली होती. मी चौथा.

मी सांगलीत ऑटो इलेक्ट्रिशियन आहे. आमच्याकडं गाडी येते तीच मुळात कुणाच्या तरी हातून हरून आलेली असते. मेकॅनिक म्हणतो हे वायरिंगचं काम, वायरिंगवाला म्हणतो हे कार्बोरेटरचं, आणि मालक दोघांची बिलं भरत राहतो. त्यामुळं गाडी बघण्याआधी मालकाचं बोलणं नीट ऐकायची सवय लागली आहे, आणि गुरुजींच्या त्या दोन वाक्यांतच अर्धं निदान झालेलं होतं.

धक्क्यावर गाडी पहिल्या झटक्यात चालू होते याचा अर्थ पेट्रोल येतंय, कॉम्प्रेशन आहे, टायमिंग जागेवर आहे, ठिणगी पाडणारे प्लग, पॉइंट, कंडेन्सर, कॉइल सगळे जिवंत आहेत. यातला एक जरी मेला असता तर अख्खी गल्ली ढकलायला लावली असती तरी गाडी बोलली नसती. मग धक्का आणि सेल्फ यांत फरक काय उरतो? एक म्हणजे इंजिन फिरण्याचा वेग. दुसरं म्हणजे सेल्फ, इंजिन फिरवणारी विजेची मोटर, फिरताना बॅटरीतून शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, धक्क्यात ते ओझं नसतं. म्हणजे दोष सेल्फ मारतानाच जन्माला येतो आणि चावी सोडली की नाहीसा होतो. असला दोष गाडी उभी असताना टेस्ट लॅम्प लावून सापडत नाही, हे आधीच्या तिघांचं दुखणं होतं.

मी गुरुजींना एकच विनंती केली. उद्या सकाळी मी येईपर्यंत गाडीला कुणी हात लावू नका. एकदा इंजिन गरम झालं की ती शहाण्यासारखी वागते आणि मग मला काही दिसत नाही.

सकाळी सातला पोचलो. जानेवारीचा गारठा, दारात तुळशीजवळ पांढरी फियाट, रंग अगदी नवा. बॉनेट उघडण्याआधी मागचा इतिहास काढला. जुन्या गाडीच्या बाबतीत कुणी, कधी, कुठं हात घातला हे कळलं की शोधायची जागा निम्म्यानं कमी होते.

गुरुजींचं घर साताऱ्यात समर्थ मंदिराच्या बाजूला, चढावर. ज्यांनी तो भाग पाहिलाय त्यांना सांगायला नको. तिथं खेळण्यातली गोटीसुद्धा हातातून सुटली की राजवाड्याच्या दिशेनं निघते. गुरुजी नोकरीत असल्यापासून गाडी दारात उताराकडं तोंड करून लावतात. सकाळी चावी फिरवायची, हँडब्रेक सोडायचा, चार घरं ओलांडेपर्यंत गाडीला वेग येतो, मग दुसरा गिअर आणि क्लच सोडायचा. गाडी चालू. "सेल्फ जपून वापरावा," हे त्यांचं तत्त्व. दिवसभरात पोवई नाक्यावर, पेट्रोल पंपावर कधी सेल्फ मारावा लागला तरी इंजिन गरम असायचं, चालू व्हायचं. साताऱ्याहून सांगलीला येताना पेठ नाक्यावर चहाला थांबले होते, तिथंही सेल्फवर चालू झाली. "जरा घरघरली, पण झाली."

म्हणजे थंड इंजिन सेल्फवर चालू करायची वेळ गेल्या वर्षा-दीड वर्षात या गाडीवर आलीच नव्हती. दोष सांगलीत आल्यावर झाला असं सगळे धरून चालले होते. तो साताऱ्यातच झालेला होता, फक्त उतार त्याला सांभाळून घेत होता. सांगलीत तसा उतार आणायचा कुठून? कृष्णाकाठची ही काळी सपाट जमीन. विश्रामबागच्या त्या गल्लीत गाडी न्यूट्रलला टाकली तर जिथल्या तिथं उभी.

आता आधीची डागडुजी. पहिल्यानं घरघर ऐकून बॅटरी बदलली. दुसऱ्यानं प्लग, पॉइंट, कंडेन्सर नवीन टाकले. तिसऱ्यानं कार्बोरेटर खोलून किट टाकलं आणि जाताना सांगितलं की हे इथेनॉलचं पेट्रोल जुन्या गाड्यांना सोसत नाही, त्याला इलाज नाही. तिघांनाही मी मूर्ख म्हणणार नाही. सेल्फ जड फिरत असेल तर शंभरातल्या बहुतेक गाड्यांत बॅटरीच गेलेली असते. ३३ वर्षांच्या फियाटचे पॉइंट बघितले तर बदलावेसेच वाटतात. चूक एवढीच की प्रत्येकानं आपल्या हाताशी असलेला भाग बदलला आणि बदलण्याआधी मोजलं कुणीच नाही.

मी हेडलाइट लावला, गुरुजींना गाडीत बसवलं, आणि समोर भिंतीवर पडलेल्या उजेडाकडं बघत म्हणालो, मारा सेल्फ.

घर्र... घर्र... घर्र. दमलेल्या माणसानं जिना चढावा तसा सेल्फ फिरत होता. गाडी काही चालू झाली नाही. पण भिंतीवरचा उजेड फारसा मंद झाला नाही. हे मीटर न वापरता घरी कुणालाही करता येण्यासारखं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. बॅटरी थकलेली असेल तर सेल्फ मारताच हेडलाइट लाल होऊन मिणमिणतो, कारण बॅटरीतलंच व्होल्टेज कोसळतं. इथं सेल्फ रडतोय आणि लाइट मजेत आहे. म्हणजे बॅटरीकडं माल आहे, तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये. वाटेत कुणीतरी खातंय.

आणखी एक गोष्ट त्याच वेळी कानावर आली. गुरुजींनी कंटाळून चावी सोडली, त्या क्षणी इंजिन एकदा "फट्" करून बोललं आणि गप्प झालं. दोनदा, तिनदा तसंच. सेल्फ चालू असताना एकही फटका नाही, चावी सोडताना मात्र एक. हे ऐकलं की जुन्या वायरमनचे कान टवकारतात. सेल्फचं ओझं उतरतं, कॉइलला पूर्ण व्होल्टेज मिळतं, आणि इंजिन अजून अर्धा फेरा जोरावर फिरत असतं. त्या अर्ध्या फेऱ्यात ठिणगी पडते.

मग मीटर काढला. उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीच्या दोन टोकांवर १०.९. नव्या बॅटरीला शोभेल असा आकडा. सेल्फ जड फिरत असताना बॅटरीवर १०.९ दिसावं, हे खरं तर जास्तच चांगलं आहे. सेल्फला पोटभर मिळालं असतं तर त्यानं बॅटरीला याहून खाली ओढलं असतं. हा चांगला आकडा म्हणजे उपाशी सेल्फची खूण आहे, पण ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं नाही. मी घाईत पुढं गेलो.

पुढं म्हणजे ठिणगीकडं. तिसऱ्या मेकॅनिकनं प्लग काढून इंजिनवर ठेवून ठिणगी बघितली होती आणि "करंट आहे" म्हणून सोडून दिलं होतं. ही तपासणी निम्मी फसवी असते. प्लगच्या टोकांतलं अंतर अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचं. उघड्या हवेत तेवढं अंतर मरतुकडी ठिणगीसुद्धा ओलांडते. सिलेंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणात तेच अंतर ओलांडायला कितीतरी पट जास्त व्होल्टेज लागतं, वर थंड इंजिनाला जादा पेट्रोल देणारा चोक ओढलेला, प्लग पेट्रोलनं ओला. म्हणून मी कॉइलची मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या, म्हणजे ठिणगी एकेका प्लगला वाटणाऱ्या डब्याच्या, टोपीतून काढली, इन्सुलेटेड पकडीत धरली आणि टोक इंजिनच्या लोखंडापासून सहा-सात मिलिमीटरवर ठेवलं. गुरुजींना सेल्फ मारायला सांगितलं. काही नाही. अंतर तीन मिलिमीटरवर आणलं तेव्हा एक बारीक, तांबूस, केसासारखी ठिणगी दिसली आणि तीही एक आड एक.

आता तीच वायर, तेच सहा-सात मिलिमीटर, पण सेल्फ न मारता. टॉप गिअरला टाकून गाडी थोडी मागंपुढं हलवली, डिस्ट्रिब्युटरची टोपी काढून पॉइंट, म्हणजे कॉइलचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क, मिटलेले असल्याची खात्री केली. चावी ऑन. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं पॉइंट हलकेच उघडले.

टच्! जाड, निळी, आवाज करणारी ठिणगी. पुन्हा उघडले, पुन्हा टच्. जावईसाहेब चहाचा कप घेऊन शेजारी उभे होते, ते एक पाऊल मागं सरले.

कॉइल, कंडेन्सर आणि पॉइंट यांना इथं निर्दोष सोडायला हवं होतं. मीही जवळजवळ सोडलं. मग सेल्फ मारताना कॉइलच्या प्लसला किती मिळतं ते मोजलं. मीटरची काळी पिन सवयीनं फेंडरजवळच्या एका स्क्रूवर टेकवली, लाल कॉइलच्या प्लसवर. ९.९ व्होल्ट. थोडं कमी, पण ठिणगी मरावी इतकं कमी नक्की नाही. ९.९ मिळत असताना ठिणगी मरते म्हणजे कंडेन्सर हादऱ्यानं सुटत असावा, असं मी स्वतःला पटवलं आणि माझ्या पेटीतला कंडेन्सर लावला. फरक शून्य. मग टोपीखाली फिरणारा रोटर बदलून बघितला, जो त्या तपासणीत मधे येतच नव्हता, कारण मी वायर टोपीतूनच काढलेली होती! अर्धा-पाऊण तास असा गेला. जे काम आधीच्या तिघांनी केलं म्हणून मी मनातल्या मनात हसत होतो, तेच मी करत बसलो होतो.

काकूंनी सोडवलं. त्या खुर्चीत पाय लांब करून ओट्यावर बसल्या होत्या. गुरुजी पुन्हा सेल्फ मारायला निघाले तेव्हा म्हणाल्या, "मी चोक धरायला येत नाही हं आज. परवा बोटं भाजली माझी."

मी विचारलं, बोटं कशानं भाजली काकू?

या गाडीचा चोक ओढून ठेवला तर टिकत नाही, हळूहळू आत जातो. म्हणून गुरुजी सेल्फ मारणार आणि शेजारी बसून काकू चोकचं बटण ओढून धरणार, अशी जोडी. परवा खूप वेळ सेल्फ मारला तेव्हा बटणाच्या मागची दांडी तापली, केबलमधून जळक्या रबरासारखा वास आला. काकूंनी तेव्हाही सांगितलं होतं. गुरुजी म्हणाले होते, "उन्हानं तापलं असेल." सकाळी साडेसहाला.

चोकच्या केबलमधून वीज जायचं काहीच कारण नाही. ती नुसती एक पोलादी तार, वर गुंडाळलेलं पोलादी वेष्टण. एक टोक डॅशबोर्डला म्हणजे बॉडीला, दुसरं कार्बोरेटरला म्हणजे इंजिनला. ती तापते याचा अर्थ सेल्फचा करंट इंजिनमधून बॉडीकडं परत जायला तिच्यातून वाट काढतोय. आणि तो तिच्यातून जातोय म्हणजे त्याची हक्काची वाट बंद आहे.

बॅटरीचा मायनस बॉडीला जोडलेला असतो. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं, बॉडीपासून विजेच्या दृष्टीनं अलग. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याच्या तारांची विणलेली चपटी पट्टी असते. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून परततो. दिवे आणि हॉर्न यांचं अर्थिंग थेट बॉडीवर, त्यांना त्या पट्टीशी देणंघेणं नाही. म्हणून लाइट मजेत आणि सेल्फ उपाशी. पॉइंट मात्र डिस्ट्रिब्युटरमधून इंजिनच्या लोखंडावर अर्थ होतात. म्हणजे कॉइलचा हिशोब इंजिनशी आहे, बॉडीशी नाही. आणि मी काळी पिन टेकवली होती फेंडरवर.

काळी पिन इंजिनच्या ब्लॉकवर खरवडून घट्ट धरली. सेल्फ. कॉइलवर ६.९ व्होल्ट.

मग एकेक तुकडा मोजत गेलो, प्रत्येक वेळी सेल्फ फिरत असताना. बॅटरीचा मायनस ते बॉडी, ०.१ व्होल्ट. बॉडी ते ब्लॉक, ३.०. बॅटरीचा प्लस ते कॉइलचा प्लस, ०.९. आता वजाबाकी करा: १०.९ मधून ०.१, ३.० आणि ०.९ गेले की ६.९ उरतात. पै-पैचा हिशोब लागला. असा हिशोब जुळला की मला जेवल्यासारखं वाटतं.

तीन व्होल्ट म्हणजे काय विशेष, असं वाटू शकतं. डीसी क्लॅम्प मीटरवर सेल्फचा करंट साधारण १२० अँपिअर दिसत होता. तीन व्होल्टला १२० नं गुणलं की ३६० वॅट होतात, म्हणजे त्या एका सांध्यात आणि चोकच्या केबलीसारख्या आडवाटांवर सेल्फ मारताना छोट्या इस्त्रीएवढी उष्णता फुकट जात होती. ती केबल जाते कार्बोरेटरला, जिथं पेट्रोलची वाफ असते. काकूंच्या बोटांवर निभावलं.

आणि ठिणगीचं गणित आणखी वाईट आहे. कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दहा-साडेदहा व्होल्टच्या जागी ६.९ मिळाले म्हणजे करंट दोनतृतीयांशावर येतो, आणि ठिणगीतला जोर निम्म्याच्याही खाली. गरम इंजिनाला तेवढा पुरतो. थंडीतल्या सकाळी, ओल्या प्लगला, नाही पुरत.

मीटरचा बीपर लावून ही पट्टी तपासली असती तर तो आनंदानं वाजला असता. दुसऱ्या मेकॅनिकनं टेस्ट लॅम्प लावून "अर्थिंग ओके" सांगितलंच होतं. खराब सांध्याचा रोध निघतो एका ओहमच्या चाळिसाव्या हिश्शाएवढा. बीपरला तो शून्यच. टेस्ट लॅम्पचा बल्ब दीड-दोन अँपिअर घेतो, त्यात व्होल्टच्या विसाव्या हिश्शाचा फरक पडतो, डोळ्याला कसा दिसणार? हा दोष शंभर अँपिअरचं ओझं टाकल्यावरच तोंड दाखवतो. बैलगाडीच्या चाकाची खुंटी रिकाम्या गाडीत कधी मोडते का? उसानं भरली की मोडते.

काही खोलण्याआधी खात्री करायची होती. जंपर केबलची फक्त काळी घेतली. एक चिमटा बॅटरीच्या मायनसवर, दुसरा थेट इंजिनच्या लिफ्टिंग हुकवर. गुरुजी, मारा.

सेल्फचा आवाजच बदलला. घर्र नाही, सरळ फिरता आवाज, आणि दुसऱ्या फेऱ्याला इंजिन चालू. गुरुजींचा हात चावीवर तसाच राहिला, त्यांना वाटलं अजून सेल्फच फिरतोय. जावईसाहेबांनी चहाचा कप ओट्यावर ठेवला आणि म्हणाले, "म्हणजे उद्यापासून ढकलायचं नाही ना?"

मग गाडी जॅकवर घेतली, खाली आधाराचे लोखंडी घोडे लावले आणि गिअरबॉक्सच्या बाजूनं आत शिरलो. पट्टी होती. दोन्ही बोल्ट आवळलेले होते. पाना लावला तर तसूभर फिरले नाहीत. वरून बघणारा "टाइट आहे" म्हणून सोडून देईल असंच सगळं. बॉडीकडचा बोल्ट उघडला तेव्हा गोष्ट कळली. पट्टीचं टोक आणि बॉडीचा पत्रा यांच्या मधे काळ्या अंडरकोटिंगचा थर होता, रुपयाच्या नाण्याएवढा गोल, आणि त्यावर वॉशरचा ठसा उमटलेला. बोल्टच्या आट्या तेवढ्या कुठंकुठं पत्र्याला धरून होत्या, त्यांच्यावर गंज चढलेला. पट्टी स्वतः वरून बरी, पण वाकवली तर विणीच्या आतून हिरवी पूड गळायला लागली. नखानं खरवडलं तर टोकाजवळच्या तारा एकेक करून तुटून आल्या.

रंग कधी दिला, गुरुजी? मागच्या की त्याच्या मागच्या दिवाळीआधी. डेंटिंग-पेंटिंग, आणि खालून पूर्ण काळा थर, "गंज धरू नये म्हणून". त्या वेळी पट्टी काढली गेली, सगळीकडं थर मारला गेला, वाळल्यावर पट्टी त्याच्यावरच आवळली गेली. काम निगुतीनं केलेलं होतं, खोटं सांगणार नाही; थर कुठंही सुटलेला नव्हता. तिथंच तर घोळ होता. मग साताऱ्याचा एक अख्खा पावसाळा त्या आट्यांना मिळाला. आणि रोज सकाळी उतार होताच.

दुरुस्ती सांगण्यात अर्थ नाही इतकी छोटी. पत्रा नाण्याएवढा उघडा लखलखीत केला, गिअरबॉक्सकडची बाजूही तशीच. नवी पट्टी, दातेरी वॉशर, नवे बोल्ट, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. जेली आधी नाही, नंतर. जुनी पट्टी मी ठेवून घेतली आहे. दुकानात शिकायला येणाऱ्या पोरांना वाकवून दाखवायला बरी पडते.

पुन्हा मोजलं. बॉडी ते ब्लॉक ०.१ व्होल्ट. सेल्फचा करंट १२० वरून १६० अँपिअरवर गेला आणि बॅटरीवरचं व्होल्टेज उलट खाली आलं, १०.९ चं १०.३. जावईसाहेबांना शंका आली की काम बिघडलं. त्यांना सांगितलं, आता सेल्फ पोटभर जेवतोय, ताटातलं कमी होणारच. कॉइलवर ९.२ व्होल्ट आले. कॉइलची वायर पुन्हा सहा-सात मिलिमीटरवर धरून सेल्फ मारला. निळी ठिणगी, एकही न चुकता.

इथेनॉलबद्दल दोन शब्द, कारण हल्ली प्रत्येक जुन्या गाडीचा मालक पहिला प्रश्न तोच विचारतो. पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं आणि १९९२ च्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या हे खरं. अशा नळ्या फुगतात, मऊ पडतात. इथेनॉल पाणी ओढतं हेही खरं, आणि गारठ्यात त्याची वाफ जरा उशिरा होते. म्हणून मी टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवलं. तळाला वेगळा थर धरला नाही. पंपाकडून कार्बोरेटरला जाणारी नळी मात्र चिमटीत दाबली तर गव्हाच्या कणकेसारखी दबत होती, ती बदलली. ती फुटली असती तर वेगळंच प्रकरण झालं असतं. पण गाडी चालू न होण्याशी तिचा संबंध नव्हता. धक्क्यावर ज्या पेट्रोलवर गाडी पहिल्या झटक्यात चालू होते, त्या पेट्रोलला दोष देताना जरा थांबायला हवं. आमच्या भागात तर उसाचे शेतकरीच पंपावर उभे राहून इथेनॉलला शिव्या घालताना दिसतात, ते ऐकायला गंमत वाटते.

बिलाच्या वेळी नेहमीची अडचण. पट्टी, नळी आणि बोल्ट मिळून सामान काही शे रुपयांचं. माझी अख्खी सकाळ गेली होती, त्यातला पाऊण तास माझ्याच चुकीचा, तो मी धरला नाही. तरीही मजुरीचा आकडा सामानाच्या दुप्पट निघाला. बदललेल्या भागाचे पैसे लोक निमूट देतात, शोधायचे पैसे देताना हात आखडतो. आधी बदललेली बॅटरी, पॉइंट, कार्बोरेटरचं किट मिळून आठ हजारांच्या पुढं गेले होते, त्यावर कुणी घासाघीस केली नव्हती. गुरुजींनी मात्र पूर्ण पैसे दिले, आणि वर कंदी पेढ्यांचा अर्धा किलोचा पुडा. कागदावर आकडेमोड लिहून मागितली. वजाबाकी बघून म्हणाले, "हे सातवीच्या पोरांनाही जमेल."

राहिला तो ०.९. बॅटरीच्या प्लसपासून इग्निशन स्विचमधून कॉइलपर्यंत येताना जवळजवळ एक व्होल्ट अजूनही गळतोय. ३३ वर्षं फिरलेल्या स्विचचे आतले संपर्क झिजलेत. एक रिले, म्हणजे विजेनं ओढला जाणारा स्विच, टाकून कॉइलला बॅटरीकडून सरळ व्होल्टेज द्यावं, चावीच्या स्विचनं फक्त रिले ओढावा, असं मी सुचवलं. तासाभराचं काम. गुरुजींनी हात जोडले. "मूळ वायरिंगला कात्री लावायची नाही." गाडी त्यांची. मी कागदावर तारीख घालून ०.९ लिहून दिलंय. पुढच्या थंडीत त्याचा १.५ झाला तर त्यांना फोन करावा लागेल, आणि समर्थ मंदिराजवळ गाडी उताराकडं तोंड करून लावत राहिले तर तेही कळणार नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तरी थंड गाडी सेल्फवरच चालू करायची, असं कबूल करून घेतलं. काकूंच्या देखत.

चोक अजून टिकत नाहीच. बटणाची पकड गेलीय आणि नवं बटण मिळालं नाही. काकूंनी दोरीवरचा कपड्यांचा चिमटा काढून दिला. ओढलेल्या दांडीवर तो लावला की चोक बाहेरच राहतो, आणि इंजिन गरम झालं की काढून आरशाला अडकवायचा.